विजेच्या कामात आपला हात कोठे थांबावा?

मृगाचा पाऊस जवळ आला की शेतकरी औत, पाभर आणि बियाणे यांची तजवीज लावतो. झिजलेला फाळ लोहाराकडे जातो, तुटलेला दोर नवा होतो. परंतु विहिरीपासून वस्तीपर्यंत बांधाबांधाने आलेली विजेची केबल याच वेळी एकदा डोळ्यांखालून घालावी, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. उन्हाळ्यात कोरड्या मातीवर निरुपद्रवी वाटणारा उघडा जोड पहिल्याच पावसात जीवघेणा होतो. औताची हयगय झाली तर पेरणी लांबते. केबलची हयगय झाली तर घरातील कर्ता माणूस किंवा दावणीचा बैल जातो.

या बाबतीत दोन प्रकारचे उपदेश ऐकू येतात. विजेला हातच लावू नका, असे एक पक्ष सांगतो. त्यात काय मोठेसे आहे, आपले आपण करावे, असे दुसरा म्हणतो. आमच्या मते दोन्ही उपदेश अपुरे आहेत. पाण्याची पाळी चालू आहे, पीक माना टाकू लागले आहे आणि वायरमन तालुक्याच्या गावी आहे, अशा वेळी शेतकरी हात लावतोच. त्याला केवळ मनाई करून भागत नाही. हात कोठवर न्यावा आणि कोठे थांबवावा, हे त्यास समजावून दिले पाहिजे.

ही मर्यादा कायद्याने फार पूर्वीच आखून दिली आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत ती होती आणि 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या विनियमांतही ती कायम राहिली. तिचा आशय असा : दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारखी वस्तू काढून तशीच दुसरी बसविण्यास हरकत नाही, मात्र ज्या कामाने जोडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलते, ते परवानाधारकाकडूनच करवून घेतले पाहिजे. जुन्या दिव्याच्या जागी नवा दिवा लावणे हे आपले काम. गोठ्यात नवीन दिव्यासाठी तार ओढणे हे वायरमनचे काम. एवढे एक सूत्र ध्यानी धरले तरी बहुतेक शंका मिटतात.

हा भेद का करावयाचा, हेही पाहू. घरातील विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. मोटारीच्या तीन फेजांमधील दाब सुमारे 400 व्होल्ट. साठ वॉटचा जुना दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. एवढ्या प्रवाहाचा आठवा-नववा हिस्सा, म्हणजे सुमारे 30 मिलिअँपिअर, शरीरातून काही क्षण वाहिला तरी प्राणावर बेतू शकते. कोरड्या कातडीमुळे प्रवाहास जो अटकाव होतो, तो ओल्या अंगाने व अनवाणी पायाने चिखलात उभे राहिल्यावर फारच कमी होतो. शेतातील वीज घरातील विजेहून अधिक घातक ठरते, ती यामुळेच.

आता शेतकऱ्याने स्वतः अवश्य करावयाची कामे पाहू. मुख्य स्विच बंद करून पावसाळ्यापूर्वी सर्व केबल हातभर अंतराने पाहून जावे. उंदरांनी कुरतडलेली, उन्हाने तडकलेली, पत्र्याच्या कडेवर घासलेली जागा दिसली की तेथे खूण करावी. उरलेल्या केबलीचे घट्ट वेटोळे करून ठेवू नये, कारण भार चालू असता ते तापते. विहिरीतील मोटारीचे वजन दोरावर असावे, केबलवर कदापि नसावे. केबल पाइपाला ठिकठिकाणी बांधून घ्यावी. केबल गाडीवाटेखालून न्यावयाची असेल तर पाऊण मीटर खोल चर आपण खणावा, तळाशी वाळू पसरावी आणि विटा आणून ठेवाव्यात. केबल टाकणे व जोडणे वायरमनने करावे. अशा वाटणीने मजुरी वाचते आणि धोकाही टळतो.

काही गोष्टी मात्र कोणत्याही सबबीवर करू नयेत. डीपीचा फ्यूज स्वतः घालू नये. 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आकडा टाकणे हा 2003 च्या विद्युत कायद्यान्वये कारावासास पात्र गुन्हा तर आहेच, परंतु त्याआधी तो टाकणाऱ्याच्याच जिवाशी खेळ आहे. रानडुकरांसाठी कुंपणात घरची वीज सोडणे म्हणजे रात्री वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्यावर सापळा लावणे होय. कपडे वाळत घालण्याची तार विजेच्या खांबाला किंवा पत्र्याच्या घराला बांधू नये. तेथे सुताची दोरी वापरावी. मोटारीस हात लावण्यापूर्वी ऑटो स्विच बंद केला नाही, तर वीज परत येताच मोटार आपोआप सुरू होते, हेही विसरू नये.

अर्थिंगविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अडीच मीटर लांबीचा पाइप पुरला, मीठ-कोळसा घातला, की झाले, असे मानले जाते. हा खड्डा आवश्यक आहे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालणेही आवश्यक आहे. परंतु जमिनीचा रोध 20 ओहम असेल, तर 230 व्होल्टला त्यातून साडेअकरा अँपिअरच प्रवाह वाहतो. 16 अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने वितळत नाही आणि मोटारीचे अंग वीजभारित राहते. म्हणून अर्थिंगच्या जोडीला गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवा. घर व गोठ्यासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घ्यावा; पंपासाठी कोणता बसवावा, हे परवानाधारकास विचारावे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबून पाहावे. याला परवाना लागत नाही.

एवढे करूनही कोणास शॉक बसलाच, तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या बांबूने त्यास तारेपासून सोडवावे आणि 108 ला कळवावे. डीपीच्या किंवा खांबावरील मोठ्या तारेबाबत मात्र बांबूवरही विसंबू नये. पुरवठा बंद झाल्यावाचून जवळ जाऊ नये.

हे सर्व खर्चाचे आहे आणि वायरमन वेळेवर मिळत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. तिच्यावर उपाय गावानेच काढला पाहिजे. दहा शेतकऱ्यांनी मिळून मे महिन्यातील एक दिवस ठरवावा, एका परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि प्रत्येकाच्या खुणा केलेल्या जागा त्यास एका फेरीत दाखवाव्यात. मजुरी वाटून जाईल आणि वायरमनलाही एका दिवसाचे भरपूर काम मिळेल. हा दिवस ठरविण्यात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घ्यावा. बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचा आग्रह आपण धरतो, तसाच विजेच्या तपासणीचाही धरला पाहिजे.

आपल्या वस्तीची वीज नीटनेटकी ठेवणे, ही शेतकऱ्याची स्वतःची जबाबदारी आहे. कोठे थांबावे हे जाणणे, हाही त्याच जबाबदारीचा भाग होय.