आधी सनद सांगा

रबीउल अव्वल लागला की कुंभार पिंपळगावपासून अंबड-परतूरपर्यंत गावोगाव सीरतच्या जलशांचे मांडव पडतात आणि त्या मांडवांत एक म्हातारी हमखास येते. ती रोज प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अंगावर कचरा टाकते, एके दिवशी आजारी पडते, प्रेषित (स.) तिची विचारपूस करायला जातात आणि ती इस्लाम स्वीकारते. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण ही म्हातारी इब्न हिशामच्या सीरतमध्ये नाही, सहीह बुखारीत नाही, सहीह मुस्लिममध्येही नाही. बुखारीत आहे तो प्रेषितांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा. तो आजारी पडला तेव्हा प्रेषित (स.) त्याच्या उशाशी जाऊन बसले. हजरत अनस यांनी सांगितलेली ही घटना सनदेसह आहे. ती सोडून आपण म्हातारीच्या मागे का लागलो, हे मला आजवर कळलेले नाही.

दुसरीकडे अकरावी-बारावीतल्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर वेगळाच मजकूर येतो. बनू कुरैझाच्या नऊशे लोकांना मारले, तुमच्याच इब्न इसहाकने लिहिले आहे, आता बोला! पोरगा घरी येऊन विचारतो. घरातल्यांना इब्न इसहाक कोण हेच ठाऊक नसते. मग एक तर पोराला गप्प बसवतात, नाहीतर सगळे खोटे आहे असे ठोकून देतात.

मुहम्मद इब्न इसहाक यांचा जन्म मदीनेत हिजरी 85 (इ.स. 704) च्या सुमारास झाला. त्यांचे आजोबा यसार हे इराकमधल्या ऐन-उत-तम्र येथून युद्धकैदी म्हणून मदीनेत आणले गेले होते. प्रेषितांच्या निधनानंतर सत्तरेक वर्षांनी जन्मलेल्या या माणसाने सहाबींच्या मुला-नातवंडांकडून आठवणी गोळा केल्या आणि पहिले मोठे, क्रमवार चरित्र रचले. त्यांचे निधन बगदादला हिजरी 150 च्या आसपास झाले. त्यांच्याबद्दल त्यांच्याच काळात दोन टोकाची मते होती. शोबा यांनी त्यांना हदीसमधले अमीर-उल-मोमिनीन म्हटले, तर इमाम मालिक यांनी त्यांना दज्जालांपैकी एक ठरवले. मालिक यांच्या आक्षेपांपैकी एक फार महत्त्वाचा आहे. खैबर, कुरैझा अशा प्रसंगांची माहिती इब्न इसहाक हे यहुदी पूर्वजांच्या मुसलमान झालेल्या वंशजांकडून घेत होते.

त्यांचा मूळ ग्रंथ जसाच्या तसा उरलेला नाही. आज आपण वाचतो ती इब्न हिशाम (निधन हिजरी 218) यांनी संक्षिप्त केलेली प्रत. काही मजकूर आपण गाळला आहे, हे त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगून टाकले. तबरी यांनीही इतिहासाच्या आरंभीच लिहून ठेवले की वाचकाला एखादी गोष्ट पटली नाही तर ती सांगणाऱ्यांकडून आलेली आहे, आम्ही फक्त पोहोचवली. इतका प्रामाणिक इशारा देणाऱ्या ग्रंथातली एक ओळ उचलून तिला कबुलीजबाब म्हणायचे, याला अभ्यास कसे म्हणायचे?

मराठी वाचकाला हे नवे नाही. घनसावंगी तालुक्यातलेच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्याविषयीची हनुमंतस्वामींची बखर त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतराएक वर्षांत झाली. या दोन बखरींना एकाच तराजूत तोलू नये, हे मराठी इतिहासकारांनी शतकभर भांडून आपल्याला शिकवले. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरे हुडकली ती याचसाठी. बखरीला एक नियम आणि सीरतला दुसरा, असे का?

आता कुरैझाचे पाहू. इब्न इसहाक संख्या सहाशे-सातशे देतात आणि जास्त सांगणारे आठशे-नऊशे म्हणतात, असेही नोंदवतात. तिरमिजीत हजरत जाबिर यांच्याकडून आलेली संख्या चारशे आहे. मजकूर पाठवणारा नेमकी सगळ्यांत मोठी संख्या घेतो. पण आपल्यातले काही जण उलट टोकाला जाऊन घटनाच नाकारतात, तेही चालणार नाही. साद बिन मुआज यांनी दिलेला निवाडा बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. वेढ्याच्या काळातला करारभंग आणि त्या काळचा युद्धाचा रिवाज यांवर बोलायचे तर घटना मान्य करूनच बोलावे लागेल.

आपली खरी परीक्षा मात्र बद्रच्या विहिरीपाशी होते. हुबाब बिन मुंजिर यांनी विचारले, इथे मुक्काम करणे ही अल्लाहची आज्ञा आहे की युद्धाची आखणी? आखणी आहे, असे कळल्यावर त्यांनी पुढच्या विहिरीपर्यंत जाण्याचा सल्ला दिला आणि प्रेषितांनी तो मानला. सल्लामसलतीवर बोलणारा प्रत्येक वक्ता हा प्रसंग सांगतो. मलाही तो अतिशय आवडतो. पण इब्न इसहाक तो कोणाकडून सांगतात? बनू सलमाच्या काही माणसांकडून. नावे नाहीत. म्हणजे जी सनद विरोधकाने पुढे केली असती तर आपण कच्ची म्हणून फेकली असती, तशाच सनदेवर आपला लाडका प्रसंग उभा आहे. सांगू नका, असे मी म्हणत नाही. सांगताना ‘इब्न इसहाक यांनी निनावी माणसांकडून ऐकलेले’ एवढे जोडा. भावना चांगली आहे ना, मग सनद कशाला, असे जो म्हणतो त्याने वाईट भावनेने आलेल्या मजकुराची सनद मागण्याचा हक्क त्याच क्षणी गमावला.

आणि ही चाळणी काही परक्याची नाही. रावींची पारख करणारा इब्न हजर यांचा ‘तहजीब-उत-तहजीब’ हिजरी 1325 ते 1327 या काळात हैदराबादच्या दायरतुल मआरिफने 12 खंडांत छापला. तेव्हा आपला हा सगळा मुलूख त्याच संस्थानात होता. त्यात इब्न इसहाक यांच्यावरची स्तुती आणि निंदा शेजारी शेजारी आहे, काहीही झाकलेले नाही. हैदराबादचेच डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी फेजच्या हस्तलिखितावरून इब्न इसहाक यांच्या ग्रंथाचा उरलेला भाग संपादित करून 1976 मध्ये रबातहून प्रसिद्ध केला. एवढा वारसा जवळ असून जलशात वाटल्या जाणाऱ्या आपल्या मराठी पुस्तिकांत प्रसंगाखाली ना ग्रंथाचे नाव असते ना रावीचे.

सामान्य वाचक गोंधळेल, असे प्रकाशक सांगतात. तो आधीच गोंधळला आहे, मोबाईलवर. इब्न इसहाक स्वतः जागोजागी ‘असे मला सांगण्यात आले’, ‘अमुक असा दावा करतो’, ‘अल्लाहच अधिक जाणतो’ असे लिहीत जातात. आपल्या पुस्तिकांत नेमके हेच शब्द गळतात. पुढच्या आवृत्तीत ते परत घाला. पाने वाढतील, किंमत दहा-वीस रुपयांनी चढेल. पहिल्या पाच प्रती माझ्या नावावर लिहा.