भूगर्भाचा वेध, भूपृष्ठावरचे कर्तव्य

३० सप्टेंबर १९९३ ची ती काळरात्र महाराष्ट्र विसरू शकत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून किल्लारी-सास्तूर परिसरातील गावे निद्राधीन झाली होती. पहाटे धरणी हादरली आणि काही क्षणांत हजारो माणसे स्वतःच्याच घरांच्या दगडांखाली गाडली गेली. देशाच्या भूकंप-नकाशात हा भूभाग तोवर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. मानवी ज्ञानाची मर्यादा निसर्गाने याहून कठोर शब्दांत क्वचितच सांगितली असेल.

मर्यादा ओळखणे म्हणजे मात्र हात टेकणे नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्याने दीडशेहून अधिक बळी घेतले. शिवाजीसागर जलाशय १९६२ नंतर भरू लागला आणि परिसरात धक्के जाणवू लागले, हा संबंध पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यासला. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांतून खोलवर झिरपणाऱ्या पाण्याचा दाब, यांमुळे आधीच ताणाखाली असलेला प्रस्तर सरकू शकतो. पाणी ताण निर्माण करीत नाही; साठलेल्या ताणाला निमित्त पुरवते. जलाशयप्रेरित भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी त्यासाठी अनेक दशके खर्ची घातली आहेत.

याच तपश्चर्येतून कराड येथे केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदून पूर्ण झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी-उद्रेकांतून साकारलेला, सह्याद्रीला घडविणारा काळा पाषाण तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा आढळला. त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक आहे. जेथे भूकंप जन्मतो, त्या गर्भाजवळ जाऊन तापमान, दाब आणि ताण मोजण्याच्या वाटेवरील ही पायरी आहे.

असे असूनही ‘अमुक तारखेला भूकंप होणार’ अशा वावड्या उठल्या की सुशिक्षित कुटुंबेही अंथरूण घेऊन अंगणात येतात! दिवस, स्थळ आणि तीव्रता अचूक सांगणारी विद्या आज जगात कोणाकडेही नाही, हे विज्ञान प्रांजळपणे मान्य करते. मग या संशोधनाचा उपयोग काय? धोका कोठे आहे, भूमी किती हादरू शकते आणि तो हादरा सोसणारे घर कसे बांधावे, हे ते सांगते. भूकंपाची वेळ आपल्या हाती नाही. घराची भिंत आपल्या हाती आहे.

किल्लारीत घात केला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने. भिंतीच्या दोन्ही अंगांना जखडून ठेवणारे लांब दगड, दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांची पक्की बांधणी, एवढ्याने कित्येक जीव वाचू शकतात. हे ज्ञान शोधनिबंधांत आहे, शासकीय मानकांतही आहे. प्रश्न एवढाच, की ते गावच्या गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत पोहोचले आहे काय? शहरातील सदनिका घेताना फरशीचा रंग पारखणारे आपण भूकंपरोधक रचनेविषयी एक प्रश्न तरी विचारतो काय?

किल्लारी असो वा २००१ चे भूज, ढिगारे उपसण्यासाठी हजारो हात धावले. ती सेवावृत्ती समाजाचे भूषण आहे. परंतु ढिगारा होऊच नये यासाठी केलेली सेवा अधिक श्रेष्ठ, जरी तिची छायाचित्रे निघत नसली तरी. आपल्या गावची शाळा, समाजमंदिर आणि दवाखाना जाणकार अभियंत्याकडून तपासून घेणे, गवंड्यांचे वर्ग भरविणे, मुलांकडून सराव करून घेणे, ही कामे आजच हाती घेता येतील.

शास्त्रज्ञ तीन किलोमीटर खोल उतरले आहेत. आपण निदान आपल्या घराच्या पायापर्यंत तरी उतरायला हवे.