पाठीत यंत्र, हातात पासपोर्ट

लेकीचं बाळंतपण आता पुष्कळदा न्यूजर्सीला असतं, नाहीतर लंडनला. इकडे मेतकूट तयार होतं, डिंकाचे लाडू डब्यात भरले जातात, बाळंतविडा बांधून होतो. आणि हे सगळं करताना जिची कंबर वर्षानुवर्षं ठणकते आहे, ती मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘उगाच मुलांना काळजी कशाला?’ हे आपलं ठरलेलं वाक्य! घरी असं सोसून निभतं. दुखलं की घटकाभर पाठ टेकली, उठलं, कामाला लागलं. परदेशच्या प्रवासात मात्र नुसतं सोसून भागत नाही. तिथं दुखणं सांगावं लागतं. तेही आधी आणि कागदावर.

ज्यांच्या अंगात यंत्र बसवलेलं आहे, त्या भगिनींसाठी तर हे फारच महत्त्वाचं. पेसमेकर आपल्या ओळखीचा झाला आहे. पण ऑपरेशननंतरही न थांबणाऱ्या पाठीच्या आणि पायांच्या दुखण्यावर ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’ नावाचं यंत्रही बसवतात. अमेरिकेत १९६७ साली हा उपाय पहिल्यांदा झाला. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूजवळ बारीक तारा आणि कमरेखाली किंवा पोटाच्या कातडीखाली बॅटरीची छोटी डबी, अशी त्याची रचना. तारांमधून विजेचे अगदी सौम्य झटके जातात आणि दुखण्याची जाणीव मेंदूपर्यंत मंद होऊन पोचते. दुखणं मुळापासून जात नाही. पण माणूस हिंडूफिरू लागतो. मग विमानानंही जाता येतं, फक्त तयारी हवी.

पहिली तयारी कागदांची. यंत्र बसवल्यावर मिळालेलं ओळखपत्र पासपोर्टच्या जोडीनं पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. यंत्र कोणतं, कधी बसवलं, आजार काय, औषधं कोणती आणि किती, हे सगळं त्यात हवं. औषधांची नावं कंपनीची नकोत, मूळ औषधाची हवीत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत असेटामिनोफेन या नावानं मिळतं, म्हणजे बघा!

आता सुरक्षा तपासणी. धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना स्टिम्युलेटरचा झटका एकदम वाढू शकतो आणि तोल जाऊ शकतो. म्हणून बऱ्याच यंत्रांच्या बाबतीत, चौकटीत शिरण्यापूर्वी ते रिमोटनं बंद करा असं सांगतात. तुमच्या यंत्राचं काय, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या. आणि पलीकडे गेल्यावर ते पुन्हा चालू करायला विसरू नका. पेसमेकरवाल्या भगिनींनी चौकटीतून नेहमीच्या चालीनं जावं, तिथं रेंगाळू नये. हातातलं तपासणीचं यंत्र मात्र दोघींनीही डबीवर धरू देऊ नये. आपल्या विमानतळांवर बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करतात, तेव्हा संकोच नको. ‘इथं यंत्र आहे, हातानं तपासा’ असं स्पष्ट सांगावं. ओळखपत्र दाखवलं म्हणून झडती टळत नाही, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत स्वतंत्र खोलीत तपासणी मागता येते आणि सोबतीला आपलं माणूस घेता येतं. ‘मेडिकल इम्प्लांट’ हे दोन शब्द तेवढे पाठ करून ठेवा, बाकीचं काम ओळखपत्र करील.

चार्जिंग लागणारं यंत्र असेल तर ते आदल्या रात्री पूर्ण भरून घ्या. चार्जर आणि रिमोट हातातल्या पिशवीत असू द्या. बॅग चुकली तर निदान ते तरी जवळ राहील. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०ची. चार्जरवर ‘१०० ते २४०’ असं छापलेलं असेल तर फक्त पिन बदलण्याचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. अमेरिकेची पिन दोन चपट्या पात्यांची, इंग्लंडची तीन चौकोनी पात्यांची.

गोळ्या छोट्या डब्यांत काढून नेऊ नका. मूळ पाकिटातच असू द्या आणि चिठ्ठी बरोबर ठेवा. दुखण्यावरच्या काही गोळ्यांबाबत परदेशी कायदे फार कडक आहेत. दुबई-अबूधाबीकडे ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन नेण्यापूर्वी तिथल्या सरकारची परवानगी घ्यावी लागते. आणि दुसऱ्याची औषधं नेणं तर नकोच! डिसेंबर २०१७ मध्ये इजिप्तमध्ये एका ब्रिटिश बाईला ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या नेल्याबद्दल तीन वर्षांची कैद सुनावली गेली. त्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आहेत, असं ती सांगत होती. तेव्हा शेजारच्या काकूंनी ‘आमच्या भाचीला एवढं पाकीट द्या हं’ म्हटलं, तर गोड शब्दांत नाही म्हणा.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. ‘चालता येतं की मला!’ असं म्हणाल. चालता येतं हे खरं, पण इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास उभं राहवतं का? जागा कडेची मागा, म्हणजे तासातासानं उठून चार पावलं टाकता येतील. कमरेमागे जुन्या सुती साडीची घट्ट गुंडाळी छान बसते. पट्ट्यावरून येणारी २३ किलोची बॅग स्वतः ओढू नका, मदत मागा. विम्याच्या अर्जात यंत्र आणि जुनं दुखणं दोन्ही लिहा. लपवलं तर आयत्या वेळी पैसे मिळणं मुश्कील.

तिकडे काही दुखलंखुपलं आणि एमआरआय सांगितला, तर आधी ओळखपत्र पुढे करा. काही यंत्रांना तो चालतो, काहींना नाही. आणि स्टिम्युलेटर असेल तर डायथर्मीचा शेक कुठंही, कुणीही सुचवला तरी घ्यायचा नाही. त्यानं तारा तापून आतल्या भागाला इजा होऊ शकते.

शेवटची गोष्ट घरच्यांशी बोलण्याची. पाय पसरून बसून बाळाला न्हाऊ घालणं आता होणार नाही, हे निघण्यापूर्वीच फोनवर लेकीला सांगा. म्हणजे ती उंच टेबलावर ठेवायचा टब आणून ठेवील. सकाळचे दोन तास मी उभी राहीन, मग मला पडावं लागतं, हेही सांगा. आईच्या तोंडून असं निघणं अवघड, मला ठाऊक आहे. पण सगळं अंगावर ओढून घेऊन आठव्या दिवशी तुम्हीच अंथरूण धरलंत, तर त्या बाळंतिणीनं कुणाकुणाकडे बघायचं?