फत्तेखानांचं नाव घेण्याआधी

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रह परिषदेच्या मांडवाला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. गोष्ट खरी आहे. त्याआधी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांवर लाठ्या चालल्या, तेव्हा मुसलमानांच्या घरांत काहींना आसरा मिळाला, हेही खरं. आपण खाली 'माशाअल्लाह' लिहितो आणि पुढे पाठवतो.

मला या माशाअल्लाहचाच राग येतो.

कारण गोष्टीचा उरलेला भाग कुणी पाठवत नाही. त्या तळ्यावर मुसलमानांना बंदी नव्हतीच. बाबासाहेबांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: परधर्मीयांना पाणी चालतं, मग आम्हालाच का नाही? म्हणजे ज्या काठावर अस्पृश्याची ओंजळ चालत नव्हती, तिथे आपली कळशी बिनबोभाट बुडत होती. आपल्याला वाट मोकळी होती, म्हणून रीत खटकली नाही. फत्तेखानांचा अभिमान बाळगायचा तर या गप्प कळशीचाही हिशोब आपल्याच नावावर लागतो.

बरोबर काय, चूक काय, हे आजूबाजूच्या चार लोकांना विचारून ठरवायचं म्हटलं तर महाड नगरपालिकेकडे पाहा. जानेवारी १९२४ मध्ये तिने तळं सर्वांना खुलं केलं आणि ४ ऑगस्ट १९२७ ला तोच ठराव मागे घेतला. पाणी तेच, तळं तेच. मधल्या काळात कुणीतरी खरोखर पाणी प्यायलं, एवढंच घडलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' झालं. शेणापेक्षा माणसाचा हात घाण, हे त्या लोकांना अगदी मनापासून पटलेलं होतं. मनापासून पटणं हा काही पुरावा नाही. हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

आता म्हणाल, इस्लाममध्ये असलं काही नाही. किताबात नाही, सोयरिकीत आहे. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही घरी लग्नाचं बोलणं ऐका. नमाज-रोजाच्या आधी 'खानदान कुठलं' हे विचारलं जातं, आणि उत्तर आवडलं नाही की चहा लवकर येतो.

संकटात आपल्याला बरोबर-चूक पटकन कळतं, हे मी मान्य करतो. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड आली, पोलादपुरात साखर-सुतारवाडी आणि केवनाळ्यात माणसं गाडली गेली, तेव्हा मदतीला जावं की नाही हे कुणी मौलानांना विचारायला थांबलं नाही. पण दरडीविरुद्ध उभं राहिल्याने कुणाची सोयरीक मोडत नाही. चुलत्याविरुद्ध उभं राहिलं की मोडते. सूरह निसाची १३५ वी आयत आईबाप आणि नातलगांविरुद्धही खरी साक्ष द्यायला सांगते. ती आपल्याला पाठ असते आणि जमातीच्या बैठकीत आठवत नाही.

अशा एका बैठकीत मी बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. एका घराने वाटणीचं भांडण कोर्टात नेलं, म्हणून त्यांच्या लग्नाला, मय्यतीला कुणी जायचं नाही असं ठरत होतं. 'जमातीची इज्जत' हा शब्द दहा वेळा आला. त्या घराचं म्हणणं खरं की खोटं, हे एकदाही निघालं नाही. मी ते विचारलं, तर 'तू कुणाकडून आहेस?' असा सवाल परत आला.

सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो गावकीइतकाच जमातीलाही लागू आहे. पण पोलीस येतील तेव्हा येतील. पुढच्या वेळी त्या घरी मय्यत होईल तेव्हा खांदा द्यायला तुम्ही जाणार की नाही, हे आजच ठरवा. आणि येत्या २५ डिसेंबरला फत्तेखानांचा मजकूर पाठवाल, तेव्हा त्याखाली तुमच्या गावात कोणतं घर जमातीबाहेर आहे, तेही लिहा.