धुरकऱ्याचे नाव कुठे आहे?

जानेवारी लागला की वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत शंकरपटाच्या बातम्या सुरू होतात. कोणाच्या जोडीने किती सेकंद घेतले, बक्षीस केवढे, उद्घाटनाला कोणते आमदार आले, सगळे त्यात असते. बैलांची नावेही असतात. मी दरवेळी धुरकऱ्याचे नाव शोधतो. बहुतेक वेळा ते सापडत नाही.

पट न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. हलकी छकडी, तिला जुंपलेली जोडी, वर एक माणूस, हातात कासरा. खेळ काही सेकंदांत संपतो. तेवढ्यात तो माणूस पडू शकतो, चाकाखाली येऊ शकतो, बैल बिथरून गर्दीत शिरले तर आधी त्याचेच हाडमोड होते. बैल पळतात हे खरे, पण कोणत्या क्षणी ढिल द्यायची आणि कोणत्या क्षणी नाही, हे धुरकऱ्यालाच ठरवावे लागते.

दरवर्षी 27 डिसेंबरला, भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला धरून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरते. बियाणे, अवजारे, ट्रॅक्टर आणि तोबा गर्दी. पटाचा मोसम तोंडावर असतो, त्यामुळे बैलांचे शौकीनही तिथे एकमेकांना गाठतात. मागे एकदा अमरावतीकडचा, माझ्या ओळखीचा एक धुरकरी तिथे भेटला. मुसलमान, भूमिहीन, एरवी मजुरी करणारा. त्याचा फोन सारखा वाजत होता. एका मालकाला सरावासाठी तो उद्याच हवा होता, दुसऱ्याचा नवा बैल जोडीला धरत नव्हता, तिसऱ्याला तळेगाव दशासरच्या पटाला जायचे होते. चहा पिईस्तोवर त्याने चार जणांना ‘येतो’ म्हटले. सगळे मालक हिंदू. यात त्याला काही विशेष वाटत नव्हते आणि मालकांनाही नाही. आपल्या भागात ही गोष्ट अजून इतकी साधी आहे, हे बाहेरच्यांना सांगितले तर खरे वाटत नाही.

साधी नाही ती वाट. जोडी पिकअपमध्ये घालून रात्री निघायचे तर तो एकटा जात नाही. मालकाच्या घरचा एक पोरगा शेजारी बसवून घेतो. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि रस्त्यात गाडी अडवणारा प्रत्येक जण पोलीसच असतो असे नाही. गाडीत लाखमोलाचे, बदाम खाऊन वाढलेले बैल असले तरी स्टिअरिंगमागच्या माणसाचे नाव ऐकून प्रश्न बदलतात. “बैलाले डॉक्टरचा कागद हाये, मालकाचा कागद हाये. मले कोनता हाये?” असे तो हसत म्हणाला. मला काही हसू आले नाही.

त्याचा प्रश्न कायद्यालाही लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते, तुतारी-चाबूक चालत नाही. हे सगळे योग्यच आहे. मुक्या जनावराला टोचून पळवण्यात मर्दुमकी कसली? उलट तुतारी गेल्यामुळे आवाजावर आणि हातावर जोडी पळवणाऱ्याचा कस वाढला. पण या सगळ्या लढाईत बाजू दोनच होत्या, बैल आणि परंपरा. छकडीवरच्या माणसाचे काय, हे चर्चेत फारसे आलेच नाही.

शेतकरी अपघात अनुदानाची सरकारी योजना आहे, पण तिच्यासाठी सातबारा लागतो, स्वतःचा नाहीतर कुटुंबातल्या कोणाचा. ज्याच्या घरात सातबाराच नाही त्याने छकडीवरून पडून पाय मोडला तर मालकाच्या चांगुलपणावर राहायचे. मालक बहुतेक चांगलेच असतात. तरी चांगुलपणाची पावती मिळत नाही. बक्षिसाचेही तेच. वाटा किती, हे तोंडी ठरते आणि बोभाटा नको म्हणून पुन्हा विचारले जात नाही.

18 फेब्रुवारी 2025 रोजी लंडनमध्ये फॉर्म्युला वनचा मोसम सुरू होण्याआधी दहाही संघ आणि वीसही चालक एकाच मंचावर आणले होते. शर्यत नव्हती, नुसते दाखवणे. चालकांना अशा दिवसांत मुलाखती, फोटो, प्रायोजक यांतून श्वास घ्यायला वेळ नसतो म्हणे. तो कोट्यवधींचा धंदा आहे, त्याची बरोबरी मी करत नाही. पण गाडीत कोण बसले आहे हे तिथे प्रेक्षकाला विचारावे लागत नाही.

आणि उलट टोकही आपल्याच लोकांनी दाखवले आहे. आखातात उंटांच्या शर्यतीत पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधली लहान मुले वजनाला हलकी म्हणून बसवत. ओरड झाली तेव्हा 2005 च्या सुमारास ते बंद झाले आणि उंटांवर यंत्रे बसली. उंटाचा रुबाब तेवढा जगाला दिसत होता, वरचे पोर दिसायला फार वर्षे लागली.

आपल्याकडे याहून चांगला दाखला आहे. प्रेषितांनी (स.) मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या, तयार घोड्यांना लांबचा पल्ला आणि बाकीच्यांना जवळचा. सहीह बुखारीत ही नोंद आहे, आणि तिथे धावणाऱ्यांत अब्दुल्लाह इब्न उमर होते हेही लिहिले आहे. घोड्याचे नाव तिथे नाही, स्वाराचे आहे.

जुगार आणि पैजा यांबद्दल आपले उलेमा बोलतात, बोलावेच. पण पट भरवणाऱ्या मंडळांत आता आपलीही तरुण मुले आहेत. त्यांनी मंडळाच्या बैठकीत एवढे तरी मांडावे: पुकारा करताना मालकाच्या जोडीने धुरकऱ्याचे नाव, नोंदणीच्या कागदावर त्याचा वाटा, आणि त्याचा विमा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. ही रक्कम पुरेशी नाही, हे मलाही कळते. पण जे मंडळ लाखाची बक्षिसे पत्रकावर छापते, त्याला धुरकऱ्यामागे वीस रुपये जड जातील असे मला वाटत नाही.