बाळाचा देश कोणता?

शाळेचा किंवा सहलीचा फॉर्म तुम्ही कधीतरी ऑनलाइन भरला असेल. त्यात नाव, जन्मतारीख आणि मग 'नागरिकत्व' असा एक रकाना असतो. तुम्ही तो दोन सेकंदांत भरता आणि पुढे जाता. पण ज्या मुलाला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही, त्याने तिथे काय लिहायचं? रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडतच नाही. अशा मुलांना 'राज्यविहीन' म्हणतात. म्हणजे कोणताही देश त्यांना 'हा आमचा' असं म्हणत नाही.

सौदी अरेबियातल्या मक्का शहराचं नाव तुम्ही हजयात्रेमुळे ऐकलं असेल. तिथल्या नक्कासासारख्या जुन्या वस्त्यांमध्ये म्यानमारमधून, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशातून, आलेले बरेच रोहिंग्या लोक स्थायिक झाले. कोणी यात्रेला आले आणि राहिले, कोणी छळामुळे पळून आले. त्यांची मुलं मक्केत जन्मली, नातवंडंही तिथेच जन्मली. पण १९८२ साली म्यानमारने केलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना बाहेर ठेवलं. आणि सौदी अरेबियात, केवळ तिथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. एका देशाने दार लावलं, दुसऱ्याने उघडलं नाही. मूल मात्र उंबरठ्यावरच राहिलं.

सौदी सरकारने काहीच केलं नाही, असं नाही. २०१३ पासून त्यांनी यातल्या अनेकांना चार वर्षांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मोफत दिला. त्यामुळे काम, शाळा आणि दवाखाना या गोष्टी सोप्या झाल्या. हे चांगलंच झालं. पण परवान्याला मुदत असते. तो पुन्हा पुन्हा नवा करून घ्यावा लागतो. पाहुणा कितीही वर्षं राहिला, तरी तो पाहुणाच!

सौदी कायद्यात एक माणुसकीचा नियमही आहे. ज्या बाळाचे आईवडील कोण हे कोणालाच माहीत नाही, ते बाळ तिथे जन्मलं असेल तर सौदी नागरिक मानलं जातं. आई सौदी आणि वडील राज्यविहीन असतील, तरीही बाळ सौदी ठरतं. मग ज्या बाळाचे आईवडील समोर उभे आहेत, पण दोघांनाही देश नाही, त्या बाळाने काय चूक केली?

माझं मत सरळ आहे. ज्या मुलाला दुसरा कुठलाच देश मिळणार नाही, त्याला जन्म झाला त्या देशाने आपलं म्हणावं. ही कल्पना माझी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या करारात हेच तत्त्व आहे. पण सौदी अरेबिया त्या करारात नाही, आणि भारतही नाही.

काही लोक म्हणतात, "असं केलं तर सगळेच बाळंतपणासाठी तिकडे जातील." मक्केत दरवर्षी लाखो यात्रेकरू येतात, त्यामुळे ही काळजी अगदीच खोटी नाही. पण यात्रेकरूंच्या मुलांना सहसा आईवडिलांचा देश मिळतो. हा नियम फक्त ज्यांना काहीच मिळत नाही, त्यांच्यासाठी आहे.

आता आपल्या माणसांकडे बघू. रत्नागिरी आणि रायगडमधली अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबं नोकरीसाठी सौदीत राहतात. समजा, अशा एका कुटुंबात मक्केत बाळ जन्मलं. ते सौदी नाही. मग ते आपोआप भारतीय होतं का? नाही. ३ डिसेंबर २००४ पासून असा नियम आहे की, परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची. मक्केच्या लोकांना त्यासाठी जेद्दाला जावं लागतं. वर्ष उलटलं, तर केंद्र सरकारची परवानगी लागते. 'बघू, पुढच्या महिन्यात जाऊ' म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. आणि वडिलांचा इकामा संपलेला असेल, तर कुठल्याही कार्यालयाची पायरी चढायची भीती वाटते. चूक किंवा अडचण मोठ्यांची, पण ती भोगायची बाळाने, हे मला पटत नाही.

म्हणून माझं दुसरं म्हणणं असं: आईवडिलांचे कागद कसेही असोत, बाळाला जन्मदाखला लगेच मिळालाच पाहिजे. दाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे. पण बाळ कुठे, कधी आणि कोणाच्या पोटी जन्मलं, याचा तो पुरावा असतो. पुरावाच नसेल तर हक्क कशाच्या आधारावर मागणार? जन्मताच नोंद व्हावी, हे मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या करारातही लिहिलं आहे. हा करार भारताने १९९२ मध्ये आणि सौदी अरेबियाने १९९६ मध्ये मान्य केला. म्हणजे वचन दिलेलं आहे. ते पाळायचं बाकी आहे.

आज घरी गेल्यावर आईबाबांना विचारा, "माझा जन्मदाखला कुठे ठेवलाय?" कपाटातल्या फाईलमधून ते तो लगेच काढून दाखवतील. तो हातात घ्या आणि नीट वाचा. तुमच्याएवढ्याच एखाद्या मुलाकडे तेवढा एक कागदही नसतो.