नऊ नंबरची बाटली

आमच्या खामगावात 'डॉक्टर' या शब्दाचा अर्थ एकच. गळ्यात स्टेथोस्कोप, दारावर पाटी आणि बाकावर बसलेले रोगी. त्यामुळे माझी मुलगी पीएच. डी. करते आहे, हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी मोठ्या कौतुकाने विचारले, "बाई, तुमची पोरगी डाक्टर होऊन राह्यली म्हणते! मंग दवाखाना कुठं टाकता?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले, पण या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. दवाखाना नाही, औषधाचे दुकानही नाही. तिचा विषय औषधी रसायनशास्त्र. रोगावर चालेल असा रेणू आधी कागदावर आखायचा, मग तो काचपात्रात घडवायचा, तो तोच आहे हे सिद्ध करायचे आणि मग त्याचा काही उपयोग होतो का ते पाहायचे. असे वीस-पंचवीस रेणू घडवावेत, तेव्हा एखादा जरा बरा निघतो. त्याचे पुढे औषध होईलच, अशी खात्री कोणीही देत नाही. काकूंना एवढे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मंग एवढी वर्षं कायले?"

प्रश्न अडाणीपणाचा वाटेल, पण तो आहे मोठा मार्मिक. एवढी वर्षे कशासाठी? या पदवीच्या अटी पाहिल्या की त्याचे कागदोपत्री उत्तर मिळते. बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि देशातील इतर विद्यापीठांप्रमाणे तेथेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांचा आधार असतो. २०२२ च्या नियमांनुसार आधी किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क करावे लागते. त्यात संशोधनाच्या पद्धती असतात, आपल्या विषयाचा पुढचा अभ्यास असतो आणि प्रकाशनातील नीतिमत्ताही असते. त्यात ५५ टक्के गुण हवेत. मग दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे हजेरी. शेवटी प्रबंध, त्यावर मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा. कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. स्त्रियांना दोन वर्षांची आणखी सवलत, शिवाय बाळंतपण व संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळ करण्याचीही मुभा आहे.

माझी मुलगी ही अर्धवेळवाली. स्वतः शिकवते, संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबते. कोर्सवर्कच्या दिवसांत पहाटेची बस धरून अकोल्यावरून अमरावतीला जायची आणि रात्री परत यायची. नातू माझ्यापाशी. त्या काळात मी तिच्या वह्या चाळल्या. संख्याशास्त्र होते, संदर्भ कसे द्यावेत हे होते, वाङ्मयचौर्य कशाला म्हणावे हेही होते. सगळे उपयोगाचे होते, यात शंका नाही. पण प्रयोग फसला तर काय करावे, यावर मला एकही पान सापडले नाही. आणि नेमका तोच पेपर तिच्यापुढे पुढे आला.

तिने चोवीस संयुगे घडवली होती. प्रत्येकाची छोटी बाटली, बाटलीवर क्रमांक. घडलेला पदार्थ शुद्ध आहे का, हे पाहण्याची पहिली युक्ती आपण शाळेत करतो तीच. टिपकागदावर शाईचा थेंब टाकून खालचे टोक पाण्यात बुडवले की शाईतले रंग वेगळे होत वर चढतात. प्रयोगशाळेत कागदाऐवजी सिलिकाचा थर दिलेली पट्टी असते. त्यावर एकच ठिपका दिसला की पदार्थ बहुधा एकच आहे. नऊ नंबरच्या बाटलीचा ठिपका एकच होता. शिवाय जिवाणूंच्या वाढीला अटकाव करण्यात हीच बाटली सर्वांत पुढे होती. तक्ता तयार झाला, शोधनिबंधाचा कच्चा मसुदाही झाला.

पण ठिपका एक असला म्हणजे पदार्थ शुद्ध असेल, तो आपल्याला हवा तोच आहे असे नाही. त्यासाठी एनएमआर नावाची तपासणी लागते. रेणूतील हायड्रोजनचे अणू कोठे व कसे बसले आहेत, हे ती सांगते. ते यंत्र फार महागडे. आपल्याकडची मुले नमुने कुरिअरने चंदीगडसारख्या ठिकाणी पाठवतात आणि आलेखाची वाट पाहत बसतात. तिचेही आलेख काही आठवड्यांनी आले. एकवीस बरोबर जुळले. तीन जुळले नाहीत आणि त्यांत नऊ नंबर होता. जो हायड्रोजन दिसायला हवा होता, तो तेथे नव्हताच. भर पावसाळ्यात, दमट हवेत ती प्रक्रिया केली होती. एका घटकाला ओल अजिबात चालत नाही. त्याने जोडीदाराशी संयोग पावण्याऐवजी हवेतली ओल घेतली आणि तो मूळच्या आम्लात परतला. बाटलीत नवे संयुग नव्हतेच. होते ते जुनेच आम्ल.

एका अनुभवी माणसाने तिला सहज सांगितले, "चोवीसातले तीन कोण बघतं? तक्ता आहे तसाच राहू दे." त्या रात्री ती जेवली नाही. निबंध गेला असता तर कोणाला कळलेही नसते. मीही, खोटे कशाला सांगू, क्षणभर मनात म्हटले की सुटू दे ही पोर एकदाची. पण तिने मसुदा मागे घेतला आणि हवा कोरडी होईपर्यंत थांबून तिन्ही प्रक्रिया पुन्हा केल्या. खरे नऊ नंबर घडले. जिवाणूंवर त्याचा परिणाम अगदीच बेताचा निघाला. पाच महिने गेले आणि हाती 'काही विशेष नाही' एवढेच आले.

हे पाच महिने फुकट गेले का? मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलॅमाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळवून विकले गेले. तो द्रव विषारी आहे का, हे आधी तपासलेच नव्हते. शंभरावर माणसे दगावली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच द्रवाची भेसळ झालेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला आणि लेंटिन आयोग नेमावा लागला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधात पुन्हा तेच विष निघाले. वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. हे विष ओळखायचे कसे, हे शास्त्राला केव्हाच ठाऊक आहे. उणीव ज्ञानाची नव्हती. बाटलीवर जे लिहिले आहे तेच आत आहे का, हे पुन्हा तपासण्याच्या सवयीची होती.

ही सवय लागावी म्हणूनच ती वर्षे, असे उत्तर मी आता काकूंना देईन. दुर्दैव असे की आपण मोजतो ते निराळेच. श्रेयांक मोजतो, पाने मोजतो, निबंध मोजतो. २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापून येणे सक्तीचे होते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके त्या काळात किती फोफावली हे सर्वांना माहीत आहे. २०२२ मध्ये सक्ती गेली, पण तिचा धाक मनातून गेलेला नाही. कमला सोहोनींना १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळाली, ती चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. जाडी हा कस नव्हे, हे सांगायला आणखी कोणता दाखला हवा?

माझ्या मते तीन गोष्टी करता येतील. त्यांना फार पैसा लागत नाही. कोर्सवर्कमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक अनोळखी पदार्थ द्यावा आणि तो शुद्ध करून ओळखायला सांगावे. त्याचबरोबर दुसऱ्या कोणाचा छापून आलेला प्रयोग पुन्हा करून पाहायला लावावा. प्रबंधात न जमलेल्या प्रयोगांचे एक प्रकरण सक्तीचे असावे. आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी सोनेरी अक्षरांच्या प्रबंधाशेजारी प्रयोगाची डागाळलेली मूळ वही परीक्षकांसमोर ठेवावी. चौथी गोष्ट मात्र पैशाची आहे: खामगाव-चिखली-बुलढाण्याच्या मुलांना आपला आलेख पाहायला आठवडे लागू नयेत, निदान विभागात तरी हे यंत्र सर्वांना खुले असावे. चूक लवकर कळली तर ती कबूल करणेही सोपे जाते.

उरते ते आपल्या घरांचे काम. पीएच. डी. करणाऱ्या सुनेला, लेकीला, मुलाला आपण सणावारी एकच प्रश्न विचारतो: "कधी संपणार?" तो प्रश्नच माणसाला तक्ता आहे तसा ठेवायला लावतो. मीही तो पुष्कळदा विचारला आहे. आता ती रात्री दमून आली की मी ताट वाढते आणि विचारते, "आज काय जमलं नाही?" ती हसते आणि जेवता जेवता सगळे सांगते.